बंदूक हलते, त्यावर उपाय

२ सप्टेंबर
आज साहेबाने हजेरीचं रजिस्टर माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, हा आठ आहे की शून्य. आठ होता. आंधळ्यालाही कळेल असा आठ. साहेब म्हणाला, हिंदुराव, हल्ली तुझं लिहिलेलं वाचता येत नाही, दसऱ्यानंतर रजिस्टर बसवराजकडे द्यावं म्हणतो. बसवराज म्हणजे मागच्या पावसाळ्यात मिलच्या ऑफिसात चिकटलेला अक्कलकोटचा पोरगा. अजून धड मिशी फुटली नाही. अक्षर मात्र छापल्यासारखं काढतो. पुरुषाने असलं अक्षर काढू नये.
निब खराब आहे. शाई पातळ आहे. टेबल तर पहिल्यापासून हलतं. साहेबाला तसं सांगितलं. त्याने टेबल धरून पाहिलं. नेमकं तेव्हा हललं नाही.

४ सप्टेंबर
नोटीस लागली. खंडेनवमीला सकाळी मिलमध्ये यंत्रांची पूजा, दुपारी साहेबाच्या बंगल्यावर एअर गनची नेमबाजी. क्लार्क, जॉबर-मुकादम, कोणीही यावं. बंदूक स्वतःची आणा नाहीतर साहेबाची घ्या. उभं राहून मारा, बसून मारा, टेकू घ्या, हरकत नाही.
देवालाच माझी दया आली. माझ्याकडे स्वतःची एअर गन आहे. मुंबईहून मागवलेली. साहेबाच्या डोळ्यांदेखत पहिला नंबर काढायचा. ज्याचा नेम अचूक त्याचा हात स्थिर, आणि स्थिर हाताच्या माणसाचं रजिस्टर काढून घेणारा साहेब अजून जन्माला यायचाय.

५ सप्टेंबर, सकाळ
परसात सराव केला. भिंतीवर पत्र्याचा डबा ठेवला. एकही छर्रा लागला नाही. बंदूक हलते. पेटीत पडून पडून बिघडली असणार. बायकोला, सारजाला, सांगितलं. ती भांडी घासत होती. म्हणाली, बंदूक न्हाय हलत, तुमचा... पुढचं मी ऐकलं नाही. बायकांना यंत्रातलं काय कळतं.

५ सप्टेंबर, संध्याकाळ
उपाय सापडला. मिलच्या वाचनालयातल्या एका इंग्रजी मासिकात चित्र आहे. विलायतेत लोक शूटिंग बेंचवर बंदूक टेकवून मारतात. पुढे उशी, खाली स्क्रू. स्क्रू फिरवला की बंदूक वर, उलटा फिरवला की खाली. अॅडजस्टेबल. एका रविवारचं काम.

९ सप्टेंबर
पेठेतल्या एका विणकराने जुना हातमाग मोडला, त्याची लाकडं आणली. अस्सल सागवान. शेजारचा सिद्धप्पा कुंपणावर हात टेकून उभा. याचं नव्या पेठेत कापडाचं दुकान आहे, पण दिवसभर लक्ष माझ्या परसात. म्हणाला, एन हिंदुराव, आता लुगडी विणणार काय. सुताराला बोलवा की, असंही म्हणाला. सुताराला स्क्रूचं शास्त्र काय माहीत.

१६ सप्टेंबर
बेंच उभा राहिला. डुगडुगतो. एक पाय लांब होता, तो कापला. मग तो आखूड झाला. बाकीचे तीन त्याच्या मापाने कापले. त्यात दुसरा एक आखूड झाला. करवत भिकार आहे, सरळ रेघेत चालतच नाही. अंगभर भुसा, घामात चिकटून खाज. संध्याकाळपर्यंत बेंच गुडघ्याएवढा उरला. बरंच झालं. साहेबलोकांना मांडी घालता येत नाही म्हणून त्यांना उंच बेंच लागतो. आपण खाली बसून मारू. सारजा म्हणाली, पाट लई उंच झालाय. पाट म्हणाली.

२० सप्टेंबर
स्क्रू कुठेच मिळेना. शेवटी घरातल्या शेवयांच्या साच्याचा पितळी स्क्रू काढला. झकास बसला. सारजाला कळलं. तिचं म्हणणं, साचा तिच्या आईने दिलाय, तिच्या माहेरची काय अब्रू हाय की न्हाय. शेवया दिवाळीनंतर करता येतील, रजिस्टर गेलं तर परत येत नाही. पण हे तिला सांगण्यात अर्थ नव्हता, कारण रजिस्टर जाणार असल्याचं मी तिला सांगितलेलं नाही. जेवायला नुसती भाकरी आणि चटणी वाढली. भाकरीही करपलेली.

२४ सप्टेंबर
उशीत वाळू भरली होती. शिवणीतून सगळी गळाली, मांडीवर, धोतरात, जेवणाच्या ताटात. शी. काढून टाकली आणि ज्वारी भरली. आता बंदूक उशीवर बाळासारखी झोपते.

२९ सप्टेंबर
चमत्कारिक गोष्ट. रोज सकाळी बंदूक कालच्यापेक्षा खाली झुकलेली असते. रोज स्क्रू वर घ्यावा लागतो. मी यावर खोल विचार केला. सोलापूरच्या कोरड्या हवेने सागवान आकसत असावं. ऑफिसात बसवराजला हे समजावून सांगितलं. तो व्हय अण्णा म्हणाला. याला स्वतःचं असं मतच नाही, सगळ्याला व्हय.

१ ऑक्टोबर
उंदीर. उशी पोखरून ज्वारी खातात. आज हात घातला तर आत एक होता. ओला, गुबगुबीत, माझ्याच ज्वारीवर पोसलेला. दोनदा हात धुतला, तरी वास जाईना. सागवानाबद्दल बसवराजला जे सांगितलं ते मागे घेण्याची गरज वाटत नाही.

४ ऑक्टोबर
लागली. डब्याच्या मधोमध. मग पुन्हा लागली. मग सलग लागत राहिली. बेंचवर कोपर, उशीवर नळी, आणि बंदूक जागच्या जागी थंड. किती दिवसांनी ती अशी गप्प राहिली. मी सारजाला हाक मारून बाहेर आणलं आणि बघ म्हणालो. तिने बघितलं. डब्याकडे नाही, माझ्या हाताकडे. लई ब्येस, म्हणाली आणि डोळ्याला पदर लावून आत गेली. चुलीचा धूर गेला असेल.
आता साहेबाने नुसता डोळा लावून बघावं.

७ ऑक्टोबर
घटाच्या आधीची दसऱ्याची धुणी निघाली. घरातल्या झाडून सगळ्या वाकळा सारजाने धुतल्या, आणि वाळत कुठे घातल्या, तर बेंचवर. ज्वारीची उशी भिजली. दोन दिवसांत कोंब येतील. मी आवाज चढवून सांगितलं की हा पाट नाही, बेंच नाही, हे शस्त्र आहे. ज्या घरात शस्त्रावर ओल्या वाकळा टाकतात त्या घराचं वाटोळं होतं. सिद्धप्पा कुंपणावरून ऐकत होता. त्यालाही ऐकवलं. खंडेनवमीला हा बेंच पूजेला बसणार, तेव्हा डोळे उघडतील सगळ्यांचे.

१७ ऑक्टोबर, खंडेनवमी, सकाळ
पूजा थाटात झाली. घटाशेजारी बेंच, त्यावर बंदूक, बाजूला विळी, कोयता, करवत. सारजा दोनदा म्हणाली की तुमाला दुपारी न्यायचं हाय न्हवं, मग पूजेत कशाला. मी म्हणालो, पूजा झालेल्या शस्त्रालाच यश येतं. गल्लीतल्या बायका बघायला आल्या. सिद्धप्पानेही हात जोडले. बेंचला हळद, कुंकू, झेंडूची माळ. नारळ फोडला. आता तरी याला कोणी पाट म्हणणार नाही.

१७ ऑक्टोबर, दुपार
टांगा दारात उभा. बेंच उचलायला वाकलो तर सारजा आडवी. पूजेतलं हत्यार उद्या दसऱ्याला उत्तरपूजा झाल्याबिगर हलवायचं न्हाय. मी म्हणालो, असलं काही नसतं. ती म्हणाली, गेल्या वर्साला मी कांदा चिरायला पूजेतली विळी उचलली, तवा तुमीच ताटावरून उठला, दोन दिवस अन्नाला शिवला न्हाय, समद्या गल्लीला सांगत फिरला.
सिद्धप्पाला म्हणालो, एक बाजू धर. तो मागे सरला. नीवे हेळिद्री, शस्त्र आहे म्हणून तुम्हीच सांगितलं, म्हणाला. टांगेवाल्याने माळ बघितली आणि घोड्याजवळ जाऊन उभा राहिला. मी एकट्याने बेंचला हात घातला. घट समोर होता. आई आठवली, पूजेतली सुईही हलवू न देणारी. हात मागे घेतला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बेंचला.
असल्या लोकांत राहायचं म्हणजे नरक. रिकाम्या हाताने टांग्यात बसलो.

१७ ऑक्टोबर, संध्याकाळ
साहेबाची बंदूकही हलते. विलायती माल, विलायती माल म्हणून नुसता डांगोरा.
टेकायला काही मिळेल का म्हणून इकडे तिकडे पाहिलं, पण सगळे उभ्याने मारत होते. बसवराजनेही उभ्यानेच मारलं आणि त्याचं लागलं. माझं नाव पुकारलं. मी बंदूक उचलली. नळी हलायला लागली. सगळे बघत होते. मी मोठ्याने म्हणालो, बंदुकीत दोष आहे. साहेब जवळ आला. त्याने माझ्या मनगटाखाली आपला तळवा धरला. नळी थांबली. त्याने तळवा काढला. नळी पुन्हा हलायला लागली. पुन्हा धरला, पुन्हा थांबली.
कोणी हसलं नाही. हसायला पाहिजे होतं. बसवराज तर खाली मातीकडे बघत उभा. साहेबाने बंदूक हळूच काढून घेतली आणि मला सावलीत खुर्ची द्यायला लावली. म्हाताऱ्याला देतात तशी.

१८ ऑक्टोबर, दसरा
बसवराज आपट्याचं सोनं घेऊन घरी आला. पाया पडला. साहेबाचा निरोपही त्याच्याकडेच. रजिस्टर बसवराजकडे, हिंदुराव उद्यापासून गोदामात. अण्णा, अडलं तर विचारायला येतो की, म्हणाला. येऊ नकोस म्हणालो.
सारजा दारातच उभी होती. तिने सगळं ऐकलं. आत जाऊन चहा आणला. बसवराजचा कप भरलेला, माझा अर्धा. पाहुण्यासमोर हा कंजूषपणा. तो गेल्यावर मी तिच्यावर तडकलो. ती खाली मान घालून म्हणाली, वरीस झालं मी तुमाला अर्धाच देते, भरला तर सांडतो.
वर्ष झालं. मी वर्षभर हिला चिक्कू समजत होतो.
गोदामात लिहायचं नसतं. मोजून झालेल्या कापडाच्या गाठीवर खडूने रेघ ओढायची, बस. रेघ वाकडी आली तरी चालते, असं साहेबाने मुद्दाम सांगून पाठवलं आहे.