काळी आणि भिंतीवरचा कागद

७ जानेवारी १९५७, सोमवार

काळी शिंकली.

आईने सांगितलं तेव्हा मी हसलो. कोंबडी कुठे शिंकते? जाऊन पाहिलं — शिंकते. दोनदा शिंकली, मान झटकली आणि माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच काही केलंय. थंडी आहे, होईल बरी, म्हटलं. आई काही बोलली नाही. ती गप्प असली की मला तिचं सगळं ऐकू येतं.

काळीची हकीकत अशी. मागच्या आषाढात मला मुदतीचा ताप आला, तेव्हा आईने ही कोंबडी मरीमायला बोलून ठेवली — पोरगा उठला तर देईन. मी उठलो. देणं मात्र लांबत गेलं. आधी निंदणी, मग आणखी काही. तेवढ्यात दसऱ्याला आम्ही वस्तीतले सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो. घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले. देवी गेली, कोंबडी राहिली. आमच्या वस्तीत धर्मांतराचा पहिला फायदा काळीला झाला.

आणि आता नेमकी हीच आजारी पडावी!

९ जानेवारी

शिंका कमी, खरखर जास्त. श्वास घेताना छातीतून आवाज येतो. नाकपुड्या चिकट, डाव्या डोळ्यात फेस, डोळ्याखाली सूज. ज्वारी टाकली तर नुसती पाहते.

शेजारची तानाबाई कुडावरून डोकावून गेली. एवढंच विचारलं — काळीच का? तिच्या स्वतःच्या पाच कोंबड्या आहेत. लेक जयवंता पहिल्या बाळंतपणाला आली आहे, तिच्यासाठी अंडी जमवणं चाललंय.

सरळ गोष्ट आहे. काळी मेली की वस्ती म्हणणार, मायने आपली कोंबडी नेली. आणि नारळ घेऊन शिवेवरच्या मरीमायकडे पहिली जाणार माझी आई. मग मी, शाळामास्तर, तीन महिने ओट्यावर बसून जे समजावलं ते सगळं पाण्यात. तेव्हा काळी मरता कामा नये.

१० जानेवारी

काळीला वेगळं ठेवायचं ठरवलं. पाहतो तर आईने आधीच टोपल्याखाली झाकलेली. मला बरं वाटलं. पण कारण ऐकलं आणि डोकं तापलं. "बिमार कोंबडी मरीमायची रायते. बरी झाली तरी तीन अमावशा तिले कोनाच्या आंगनात नेऊ नये."

मी रोगजंतूंवर बोललो. बराच वेळ बोललो. आईने सगळं ऐकून घेतलं आणि चूल फुंकली.

१२ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा उरकून सायकलने आर्वीला, ढोरांच्या दवाखान्यात. हँडलला पिशवी, पिशवीतून काळीची मान बाहेर. वाटेत जो भेटेल तो विचारी — पाहुणा आला का, मास्तर?

कंपाउंडर हिरालाल हसला नाही. काळीच्या पाठीला कान लावून ऐकलं. मान वाकडी होते का, पाय लुळे पडतात का, हिरवं हगते का — विचारलं. नाही म्हटलं. मग मानमोडी नाही म्हणाला. ती असती तर तुम्ही पिशवी रिकामीच आणली असती. ही सर्दी, छातीत उतरलेली. गोळ्या दिल्या. मी काळीला परत पिशवीत कोंबत होतो तोवर त्याने कागदावर सूचना लिहिल्या. नीट वाचा, म्हणाला. मास्तरला!

१३ जानेवारी

कागद खळीने भिंतीला चिकटवला. कुठे? जिथे देवांचा पाट होता तिथेच. मुद्दाम.

चांगलं सुवाच्य अक्षर आहे. जागा कोरडी नि उबदार, पण हवा खेळती. चुलीचा धूर नको. नाक-डोळे कोमट मिठाच्या पाण्याने पुसावे. पाव गोळी दोन वेळा. प्यायच्या पाण्यात लाल दवा, भांडं निराळं. अगदी तळापर्यंत लिहिलंय.

आईने कागदाकडे पाहिलं. "कुंकू लावू का याले?" मी ऐकलं नाही असं दाखवलं.

१६ जानेवारी

उठलो की नाक पुसतो. कोंबडीचं. धूर नको म्हणून चूल अंगणात मांडली. आई पदर डोक्यावरून घेऊन थंडीत भाकरी थापते. मरीमायच्या पुजाऱ्यानेही देवीची इतकी सेवा केली नसेल.

एक गोष्ट टोचते आहे. आई रोज सकाळी झाकलेलं टोपलं घेऊन शिवेकडे जाते. शिवेवर मरीमायचे शेंदराचे दगड आहेत, बाकी काही नाही. विचारलं नाही. तिने हो म्हटलं असतं तर काय, या भीतीने विचारलं नाही.

१८ जानेवारी

मान लांब, चोच उघडी, असा श्वास घेते आहे. शाळेत पाढे चुकलो. घरी येऊन तिला मांडीवर घेतलं आणि रडू आलं. कोंबडीसाठी! लिहायला लाज वाटते, पण आलं.

२१ जानेवारी

सात दाणे टिपले.

२७ जानेवारी, रविवार

काळी ठणठणीत! खरखर नाही, डोळा स्वच्छ, सकाळी माझ्या पुस्तकावर घाण करून गेली.

मग काय, तिला काखेत मारली आणि निघालो. आई दारात आडवी आली. नेऊ नको, म्हणाली, तीन अमावस्या कुठे झाल्या? म्हणूनच नेतो, मी म्हटलं. चार घरांत नेऊन दाखवली. पाहा, मरीमायची कोंबडी! कोणी वाचवली? तानाबाईच्या अंगणात तर खाली सोडली. तिच्या पाची कोंबड्यांत मिसळून एकाच परातीतलं खाऊ लागली. जयवंता पोटावर हात ठेवून हसत होती. मी छोटंसं भाषणही केलं. इतका आनंद मला दीक्षेनंतर आजच झाला.

परत आलो तर आईने काळीला माझ्या काखेतून काढून पुन्हा टोपल्याखाली झाकलं.

२ फेब्रुवारी

तानाबाईची लाल कोंबडी शिंकली.

८ फेब्रुवारी

चार घरांत खरखर. जिथे जिथे मी काळीला घेऊन गेलो, तीच चार घरं. तानाबाईच्या दोन मेल्या, उरलेल्यांनी अंडी बंद केली. जयवंताचे दिवस भरत आले आहेत.

आज वस्तीतल्या तीन बाया नारळ घेऊन शिवेवर गेल्या. दसऱ्यापासून ओस पडलेल्या दगडांना ताजा शेंदूर लागला. मरीमायचा इतका प्रचार तिच्या पुजाऱ्यालाही जमला नसता.

९ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा आर्वी. हिरालालने चार घरांच्या गोळ्या बांधता बांधता विचारलं, बरी झाल्यावर निराळीच ठेवली होती ना? मागे लिहिलं होतं.

कशाच्या मागे?

घरी आलो. भिंतीवर पाणी मारून कागद सोडवला. अर्धी शाई भिंतीला राहिली, तरी वाचता आलं: "बरी झाली तरी रोग अंगात राहतो. तीन महिने इतर कोंबड्यांत सोडू नये. खालचा कडबा, विष्ठा गावाबाहेर पुरावी."

तीन महिने. तीन अमावस्या. अख्ख्या वस्तीची पत्रं वाचून दाखवतो मी, आणि हातातला कागद उलटून पाहिला नाही.

तसाच तानाबाईकडे गेलो. देवी नाही, हे मी केलं, म्हणून सांगितलं. ती सुपात ज्वारी पाखडत राहिली. "माय असती तं नारळ देऊन भागलं असतं, मास्तर. तुले काय देऊ?"

गोळ्या तिच्या ओट्यावर ठेवून आलो.

१० फेब्रुवारी

आईला कागद वाचून दाखवला. दोन्ही बाजू. मग इतके दिवस न विचारलेलं विचारलं — शिवेवर रोज काय करत होतीस?

"खड्डा हाय तथं. काळीची घान पुरत होती."

आणि मरीमाय?

"तिले तं दसऱ्यालेच सोडलं ना आपन. तीन अमावशाचं माह्या मायनं मले सांगतलं, तसंच तुले सांगतलं म्या. मले भेव तानाबाईच्या कोंबड्याईचं होतं. तू पयलेच इचारलं काऊन नाई?"