सातव्या गाण्यातले चाळीस सेकंद

मार्केट यार्ड, पुणे
१८ नोव्हेंबर २०१०

प्रिय मन्सूर,

पत्ता वाचून दचकू नकोस. होय, मी पुण्यातच आहे, आज बारावा दिवस. बेळगावहून कांद्याच्या ट्रकमध्ये बसून आलो आणि ज्यांचा ट्रक त्यांच्याच ऑफिसात गाड्यांचे नंबर लिहून घ्यायला बसलो. किती दिवस बसेन माहीत नाही, माझं तुला ठाऊकच आहे. तुमचं शनिवार पेठेतलं दुकान इथून सायकलवर वीस मिनिटं. बारा दिवसांत मी ती वीस मिनिटं एकदाच आलो आणि तुला न भेटता परत गेलो. ते पुढे लिहितो. काल बकरी ईद झाली. पुण्यात असून तुझ्या अम्मीच्या, रझियाचाचीच्या हातचं न खाता माझी ईद गेली, असं पहिल्यांदाच झालं. चाचीला सांगू नकोस.

आधी ‘लाइट गेली’बद्दल बोलू, कारण तेवढं एक आपल्याला नीट बोलता येतं. आपल्या ‘पोटमाळा’ बँडने तीन अल्बम कान फाडून काढले आणि चौथा हा असा, नुसत्या लाकडी गिटारी आणि एक खंजिरी. वीज म्हणून नाहीच. ऑर्कुटवरच्या आपल्या ग्रुपवर काय काय लिहिलंय लोकांनी! एकाने लिहिलं, ‘लाइट गेली नाही, वायरमन पळाला.’ दुसरा म्हणतो, ‘आजोबांना भेट देण्यास उत्तम. आजोबा नसल्यास स्वतः झोपताना वापरावा.’ मी बेळगावच्या सायबर कॅफेत एकटाच हसत होतो, तर मालकाने येऊन स्क्रीन बघितला, त्याला वाटलं मी भलतंच काही बघतोय.

मला विचारशील तर मला आवडला. शिव्या घाल. ‘जप्ती’मधलं तिसरं गाणं आठव, त्याची सुरुवात म्हणजे कुणीतरी घरातली भांडी एकेक करून रस्त्यावर फेकतंय असं वाटायचं. आपण त्या भांड्यांसाठीच जायचो. आता तेच गाणं ते अर्ध्या वेगात वाजवतात. श्रीधर गिटारच्या लाकडावर नुसता बोटाने ठोकतो, आणि त्या दोन ठोक्यांच्या मधे जयसिंग श्वास घेतो तो ऐकू येतो. नाकाने घेतो, थोडी सर्दी असल्यासारखा. तीन वर्षं आपण त्या माणसाच्या तोंडासमोर उभे होतो, आणि तो श्वास घेतो हे आपल्याला माहीतच नव्हतं. ‘गच्ची’ आणि ‘ढेकूण’ हे अल्बम मी परत लावून बघितले. चांगलेच आहेत, पण त्यात माणूस कुठे आहे ते शोधावं लागतं. तू म्हणशील, बारावीला दोनदा आपटलेला अन्त्या आता समीक्षक झाला. असू दे.

मग तुझी पोस्ट आली. ‘सातव्या गाण्याच्या सुरुवातीला चाळीस सेकंद कोरी सोडली आहेत. रेकॉर्डिंगवाल्यास डुलकी लागली असावी. बाकी अल्बम गोधडीत गुंडाळून रेकॉर्ड केल्यासारखा.’ सगळे हसले. चोवीस जणांनी खाली हसून ठेवलंय. मीही हसलो, म्हटलं आमचा मन्सूर पेटला. मग सातवं गाणं लावलं.

मन्सूर, ते कोरं नाहीये.

तिथे तानपुरा आहे. अगदी हळू सुरू होतो, लांबच्या खोलीत कुणी छेडत बसलंय असा, आणि चाळीस सेकंद एकटाच वाजत राहतो. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. ट्रकमध्ये संपत ड्रायव्हरला ऐकवलं. खंबाटकी घाटाचा बोगदा ओलांडून इंजिन गार करायला थांबलो होतो, संपत सीटवर डोक्यावर टॉवेल टाकून आडवा झालेला. तो टॉवेलाखालूनच म्हणाला, ‘देवळातल्यावानी काय लावलंय रे?’ आयुष्यभर इंजिनाशेजारी बसलेल्या माणसाला ऐकू आलं. आणि तुला, ज्याच्या घरात तीन पिढ्या तानपुरे बनतात, त्याला आलं नाही.

पत्र इथेच फाडू नकोस. मी तिथूनच मागचं सगळं जुळवायला लागलो. वर्षभर फोनवर तू दर दोन वाक्यांनी ‘रेंज नाही रे, मोठ्याने बोल’ म्हणायचास. मला वाटायचं हुबळीची रेंज खराब. हुबळी सोडून इंदूरला गेलो, तिथूनही तेच. मग तू फोन उचलायचाच बंद झालास आणि नुसते मेसेज पाठवायला लागलास, तेव्हा मी रागावलो होतो. मला वाटलं मोठा झाला, दुकान सांभाळतो, आता आमच्यासारख्याशी कशाला बोलेल.

मागच्या गुरुवारी सकाळी मी आलो होतो, तो हाच पेच डोक्यात घेऊन. तुमच्या समोरच्या चहावाल्याकडे उभा राहिलो. तू गादीवर बसला होतास, मांडीत तानपुरा. मी लहानपणापासून बघितलंय तुमच्याकडे, जवारी लावतात कशी. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानशीने केसाएवढा घासायचा, तार छेडायची, ऐकायचं, परत घासायचं, तारेखालून दोरा सरकवायचा, परत ऐकायचं, सुराला झणझणती धार येईपर्यंत. त्यात डोळ्याला काही दिसत नाही. चाचा मला म्हणायचे, ‘हात तर सुतारालाही असतो बेटा, आमच्याकडे कान लागतो.’ त्या दिवशी तू तार छेडलीस आणि ऐकायच्या ऐवजी खाली वाकून हनुवटी भोपळ्यावर दाबलीस. मग दात दांडीला लावलेस. डोळे मिटून. परत छेडलीस, परत दात. माझ्या हातातला चहा तसाच राहिला.

मी तुला हाक मारली. दोनदा. रस्त्यावर फारशी रहदारी नव्हती, दुसऱ्या हाकेला तर चहावाल्याचं कुत्रंही उठलं. तू मान वर केली नाहीस. मागे बसलेल्या तुझ्या अब्बांनी, शमशुद्दीनचाचांनी केली. त्यांनी मला ओळखलं, मन्सूर. माझ्याकडे बघितलं, मग तुझ्या पाठीकडे बघितलं, मग परत माझ्याकडे, आणि मान खाली घातली. मला आत बोलावलं नाही. ज्या माणसाने मला आजवर उंबऱ्यावरून परत पाठवलं नाही, त्याने. तू त्यांच्यापासून लपवतोयस ना? ते तुझ्यापासून लपवतायत की त्यांना कळलंय. त्यांचा हात थरथरायला लागून दोन वर्षं झाली, कानस धरवत नाही. त्यांना ऐकू येतं पण घासता येत नाही, तुला घासता येतं पण ऐकू येत नाही, आणि दोघं एका गादीवर पाठीला पाठ लावून गप्प. मी चहा तसाच ठेवून पळालो. पळणं मला जमतं.

आता कॉलेजच्या मैदानाबद्दल लिहायलाच हवं. तिथे पोटमाळाचा पहिला कार्यक्रम मीच तुला ओढत नेला. तू म्हणत होतास, अब्बा चिडतील, आमच्यात असल्या आवाजाला जात नाहीत. चाचांनी शेवटी सोडलं ते चाचीमुळे. तिने कापसाचे दोन बोळे मेणात मळून तुझ्या कानात बसवले, वर खसच्या अत्तराचं एकेक बोट लावलं, आणि मला दम दिला, ‘अन्त्या, याचे कान तुझ्या जबाबदारीवर.’ मी म्हटलं हो चाची. मैदानात शिरलो आणि डाव्या बाजूच्या स्पीकरच्या बॉक्सपाशी आपले ते लोक भेटले. बॉक्सला डोकं टेकून, कान लावून पूर्ण कार्यक्रम उभं राहायचं. जो आधी हटला तो पुढच्या वेळी मागे. स्वतःला ‘कानलावे’ म्हणवायचे. एकाने तुझ्या कानातले बोळे बघितले आणि म्हणाला, ‘काय रे, सर्दी होते का गाण्याने?’ सगळे खिदळले. मला तुझी लाज वाटली. हे मी कधी बोललो नाही. मला तुझी लाज वाटली, आणि मीच हात घालून तुझे बोळे काढले. म्हटलं, ‘फेकून देतो, चाचीला काय कळतंय.’

पुढे तर रिवाजच पडला. चाची दर वेळी घरातून निघताना नवे बोळे बसवायची आणि तू गेटपाशी ते काढून स्वतःच माझ्या तळहातावर ठेवायचास. ‘घे, फेक.’ एखादा देवळाबाहेर चपला ठेवतो तसा. मग तू डाव्या बॉक्सला कान लावायचास आणि मी तुझ्या शेजारी, खांद्याला खांदा. तीन वर्षांत किती कार्यक्रम झाले आठवत नाही. तू कधीच आधी हटला नाहीस. घरी जाताना तू म्हणायचास, ‘अजून शीळ वाजतेय कानात, मस्त,’ आणि मी म्हणायचो, ‘माझ्याही.’

परवा मी टिळक रस्त्याजवळच्या एका कानाच्या डॉक्टरकडे गेलो. तुझं विचारायचं होतं, पण पेशंटशिवाय बोलेनात, म्हणून माझंच नाव लिहून आत बसलो. काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावतात आणि बारीक बारीक शिट्या ऐकवतात. ऐकू आली की बटण दाबायचं. मी दाबत गेलो. शेवटच्या शिट्या तर डासाएवढ्या होत्या, तरी दाबत गेलो. डॉक्टर कागद बघून म्हणाला, ‘तुमचे कान उत्तम आहेत, कशाला आलात?’ मग मी मित्राचं म्हणून सगळं सांगितलं. तो म्हणाला, असल्या आवाजाने गेलेलं परत येत नाही. मशीन लावता येईल, त्याने बोलणं कळेल. जे उरलंय तेवढं जपायला सांगा, आणि ताबडतोब घेऊन या. मी विचारलं, मशीन लावून जवारी कळेल? त्याने विचारलं, जवारी म्हणजे काय? मी उठून आलो. जिन्यावर बसून राहिलो बराच वेळ. लोक माझ्यावरून पाय टाकून वर जात होते.

आणखी एक आहे. तू अल्बम कुणाकडून तरी कॉपी करून घेतला असणार, म्हणून तुझ्याकडे कव्हर नाही. मी कोल्हापुरात खरी सीडी घेतली. आतल्या कागदावर शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात छापलंय, ‘सातव्या गाण्यातला तानपुरा पद्मजाबाईंचा.’ त्या श्रीधरच्या आत्या निघाल्या. तुमच्या गल्लीत गाणं शिकवणाऱ्या आपल्या पद्मजाबाई, आणि त्यांच्याकडे तानपुरा एकच. तू एकट्याने जवारी लावलेला तो पहिला. अकरावीत होतास. चार दिवस बसलास, चाचा मुद्दाम तुझ्याकडे पाठ करून बसले होते. चौथ्या दिवशी दुपारी तू तार छेडलीस आणि चाचा पाठमोरेच म्हणाले, ‘हं.’ एवढंच. तू मला बाहेर नेऊन मस्तानी पाजलीस त्या ‘हं’वर. तू ज्याला कोरं म्हणालास ते चाळीस सेकंद तुझे आहेत, मन्सूर. पोटमाळाच्या अल्बमवर तू आहेस. तीन वर्षं आपण ज्यांच्या बॉक्सला कान लावला त्यांनी शेवटी तुझा हात वाजवला, आणि ते सगळ्या पुण्याला ऐकू येतंय. तुला सोडून.

हे पत्र टपालात टाकलं तर वेळेत पोचणार नाही, म्हणून उद्या सकाळी दुकान उघडायच्या आधी शटरखालून सरकवतोय. रविवारी पोटमाळा त्याच मैदानात जुने तिन्ही अल्बम वाजवणार आहे, पूर्ण विजेवर, आणि तू ग्रुपवर लिहिलंयस, ‘डावा बॉक्स माझा, कुणी जागा धरू नये.’ जाऊ नकोस. पायाच पडतो, जाऊ नकोस. चाचांना सांग, त्यांना माहीत आहे, नुसतं तोंडाने सांग. आणि तू मनात विचारशील की अन्त्याही तिथेच उभा होता, मग त्याचे कान उत्तम कसे, तर तेच सांगायला हे सगळं लिहिलं, आणि इतका वेळ इकडे तिकडे फिरत राहिलो. ते बोळे मी कधी फेकले नाहीत. पहिल्याच दिवशी आवाज सुरू झाला आणि मला सोसेना. तुझं डोकं बॉक्सला टेकलेलं होतं, तुझी माझ्याकडे पाठ होती. मी ते माझ्या कानात घातले, वरून केस ओढले, आणि तुझ्यासारखीच मान हलवत राहिलो. दर वेळी. तीन वर्षं चाचीने तुझ्यासाठी मळलेलं मेण माझ्या कानात होतं, आणि घरी जाताना मी ‘माझ्याही’ म्हणायचो. मी पुण्याबाहेर फिरत राहिलो ते फिरायची हौस म्हणून नव्हे. शेवटच्या कार्यक्रमाचे दोन बोळे माझ्याकडे राहिले होते, ते या पाकिटात घातलेत. आता ते कुणाच्या कामाचे नाहीत, पण ते तुझे आहेत. अजून थोडा खसचा वास येतो त्यांना.

तुझाच म्हणवायला तोंड नसलेला, तरी तुझाच,
अन्त्या