बंद दाराआडचा हँडओव्हर

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून मी, वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, मेंटॉरसुद्धा. एम.एस्सी. नर्सिंगची एक मुलगी लीडरशिप प्रॅक्टिकमसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकायला, तीन आठवडे माझ्या वॉर्डात. तोंडातून शब्द फुटत नाही. मनातल्या मनात तिचं नाव मौनी ठेवलं. प्रोजेक्ट कशावर करणार, विचारलं. म्हणाली, ठरवलं नाही मॅडम, आधी बघते. नुसतं बघून कोण लीडर झालंय? मीच ठरवून दिलं: सकाळचा हँडओव्हर. रात्रपाळीने दिवसपाळीच्या हाती वॉर्ड कसा सोपवावा, हे या हॉस्पिटलात माझ्याएवढं कुणाला कळत नाही. सगळा स्टाफ ऑफिसात, उभा. दार बंद. एकेका पेशंटची माहिती मी स्वतः वाचून दाखवते. मध्ये कुणी बोलायचं नाही. शेवटच्या दिवशी प्रेझेंटेशनला नर्सिंग सुपरिंटेंडेंट येणार. रिटायर होण्याआधी आमची पद्धत सगळ्या वॉर्डांत लागू झालेली बघायची आहे. बाकी काही नको.

४ फेब्रुवारी, मंगळवार
हँडओव्हर उत्तम. मध्येच बाहेर बेल वाजली, तर मौनी दाराकडे निघाली. नजरेनेच थोपवली. नंतर समजावलं, लीडर बेलमागे धावत नाही. तिने वहीत काहीतरी टिपून घेतलं. पटलं असावं.
घरी सांगितलं तर हे म्हणाले, बिचारीला बसायला तरी दे. ह्यांना थट्टेची सवय. सकाळी निघताना मी ह्यांनाही घराचा हँडओव्हर देते: दूध, गॅस, गोळ्या, कुंड्या. मन लावून ऐकतात. डोळे मिटून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
नणंदबाई माझ्याच वॉर्डात स्टाफ नर्स. त्यांना सांगितलं, वन्सं, त्या मुलीला आपली पद्धत नीट समजावून द्या. म्हणाल्या, वहिनी, तिला समजली. चार दिवसांत! मेंटॉर चांगला असला की असं होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मौनी हँडओव्हरला गैरहजर. दार उघडून बाहेर येते तर बाईसाहेब रिकाम्या पलंगावर आडव्या, पांघरूण गळ्यापर्यंत. बरं नाही का, विचारलं. म्हणाली, बरी आहे मॅडम, इथून काय दिसतं ते बघत होते. म्हटलं, छत दिसतं, ऊठ. शेजारच्या पलंगावरचे आजोबा तोंडावरची चादर न काढताच खो-खो हसले. उजव्या पायाचं ऑपरेशन झालेले. त्यांची माहिती रोज वाचते. वॉर्डातला प्रत्येक पेशंट मला पावलांच्या आवाजावरून ओळखतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
मौनी, वन्सं आणि बाकीच्या पोरी पँट्रीत खुसपुसत होत्या. मी आत गेले की एकदम शांतता. याला म्हणतात दरारा. शुक्रवारसाठी आभाराचे चार शब्द तयार केले. सुपरिंटेंडेंटनी कौतुक केलं की लगेच उठायचं नाही. जरा आढेवेढे घ्यायचे.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार, संध्याकाळ
केसाने गळा कापला.
पहिलीच स्लाईड: माझ्या ऑफिसचं बंद दार. पलंगावरून काढलेला फोटो. आणि काय बोलते ही मुलगी! तीन आठवडे हा आवाज कुठे ठेवला होता? म्हणे, या वॉर्डात दोन हँडओव्हर होतात. एक मॅडमचा, ऑफिसात. तो संपला की सिस्टर पलंगापलंगाशी जाऊन दुसरा करतात. सलाईन बघतात, पेशंटला विचारतात. त्याला सगळ्या खरा हँडओव्हर म्हणतात.
सुपरिंटेंडेंटनी विचारलं, हे कधीपासून? उभं कोण राहिलं, तर माझी नणंद. म्हणाल्या, झाली असतील सात-आठ वर्षं. वहिनींना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.
हॉलमध्ये कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. ते जास्त लागलं.
निर्णय: सोमवारपासून ऑफिसातला बंद, पलंगाशी होणारा चालू. सगळ्या वॉर्डांत. म्हणजे आमच्या वॉर्डाची पद्धत सगळीकडे लागू झाली, हे विसरून चालणार नाही.
मौनीला जिन्यात गाठलं. म्हटलं, प्रोजेक्ट मी दिला आणि तू माझ्यावरच उलटलीस? म्हणाली, मॅडम, विषय तुम्हीच दिलात. मी फक्त आधी बघितलं. डोळे भरले होते. तिचे. माझ्या डोळ्यात काहीतरी गेलं होतं.
जेवताना ह्यांना सगळं सांगितलं. हे भाताकडे बघत म्हणाले, ताई बोलली वाटतं शेवटी. म्हणजे ह्यांनाही ठाऊक. म्हणे, ताईने शपथ घातली होती. सात-आठ वर्षं एकाच ताटलीतलं लोणचं खातोय आम्ही, आणि मला पत्ता नाही.
उद्यापासून घराचा हँडओव्हर बंद. नासू दे दूध.

२२ फेब्रुवारी, शनिवार
ह्यांना एक शब्द न सांगता गेले. परत आले तर दूध तापवलेलं, गोळ्या घेतलेल्या, कुंड्या ओल्या. इतकी वर्षं ऐकून पाठ झालं असणार.
मौनीला चांगले मार्क दिले. माझ्या हाताखाली तयार झालेली मुलगी कच्ची कशी असेल?

२४ फेब्रुवारी, सोमवार
पलंगाशी पहिला हँडओव्हर. सुरुवात तुम्हीच करा, वन्सं म्हणाल्या. मुद्दाम. आजोबांच्या पलंगाशी उभी राहिले, मागे सगळा स्टाफ. खणखणीत आवाजात वाचलं. आजोबांनी चादर सारखी केली आणि विचारलं, नवीन आलात का सिस्टर?
कुणी हसलं नाही. वन्सं सलाईनच्या बाटलीकडे बघत राहिल्या.
म्हटलं, हो. आजच.
म्हणाले, तरीच. ऑपरेशन डाव्या पायाचं झालंय, तुम्ही उजवा म्हणालात. घाबरू नका. जमेल हळूहळू. इथल्या पोरी चांगल्या आहेत, शिकवतील.
आजोबांची नजर अधू दिसते. उद्या तपासून घ्यायला सांगणार.
पाय डावा.