मामाची वाट आणि नॉर्वेचा दिवस

मेहकर,
मृग नक्षत्र (पाऊस अजून नाही)

तीर्थस्वरूप ज्ञानेश्वरमामांच्या चरणी भाची सुचिताचा साष्टांग नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला थांबला का? इकडे आम्ही मायलेकी खुशाल आहोत. पत्रिका छापून आल्या, मांडववाला ठरला, आणि आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटली आहे की बाप नसला म्हणून काय झालं, पोरीला बोहल्यावर आणायला मामा खंबीर आहे. आणि नेमका तोच मामा एवढ्यात दोनदा वाट चुकला! जन्मभर एसटी चालवलेला, कुठल्या फाट्यावर कोणतं झाड आहे ते डोळे झाकून सांगणारा माणूस. मामी म्हणतात वय झालं, डॉक्टर म्हणतात साखर वाढली. दोघांचंही चूक आहे. कारण मी आहे, म्हणून फोन न करता सविस्तर लिहिते (फोनवर तुम्ही रागवाल आणि मी रडेन).

आमच्या कॉलेजात बालसाहित्याच्या अभ्यासाचा आंतरराष्ट्रीय प्रकल्प आलाय, हे आईने तुम्हाला सांगितलंच असेल (तिने वाण्यालाही सांगितलंय). आंतरराष्ट्रीय म्हणजे इकडून मी आणि तिकडून सिग्रिडबाई, नॉर्वेच्या अगदी वरच्या टोकाला एका विद्यापीठात प्राध्यापक आहेत. मुलांना सांगितल्या जाणाऱ्या, कधीच न छापलेल्या गोष्टी आम्ही दोघी मिळून गोळा करतो. त्यासाठी मी डोणगावच्या अंबूबाईंना गाठलं. रिकाम्या गावाची गोष्ट त्यांच्याशिवाय कोणाला येत नाही. दुपारची वेळ सुचवली तर त्या उखडल्याच. "दिवसा गोष्ट सांगतली का मामा वाट चुकते, तुले एवढंही मालूम नाही? मास्तरीण कायची झाली मंग तू?" शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेलं हे मी अहवालात 'लोकसमजूत' म्हणून एका ओळीत उरकलं आणि त्यांचं मन राखायला दिवेलागणीनंतरची वेळ घेतली.

अंबूबाई नथ घालून लॅपटॉपपुढे बसल्या. वाक्यावाक्याला मी सिग्रिडबाईंना इंग्रजीत सांगत होते. एक वाटसरू चालता चालता एका गावात येतो. सगळी दारं उघडी. घराघरांत ताटं वाढलेली, भाकरीवरून वाफ निघतेय, आणि माणूस एक नाही. तो एका उंबऱ्याशी उभा राहून हाक मारतो, आणि आतून ओळखीच्या आवाजात ओ येते. एवढं सांगून अंबूबाई एकदम थांबल्या. सिग्रिडबाईंच्या मागच्या खिडकीत लख्ख ऊन पडलं होतं. "थ्या बाईच्या घरी त दिवस हाये वो!" म्हणत त्यांनी पदर तोंडाला लावला आणि ताडकन उठून गेल्या. इथे रात्र म्हणजे तिथे रात्र नव्हे, हे दोन पदव्या घेऊनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी तुम्ही चिखलीहून येताना नेहमीप्रमाणे अमडापूरला उतरलात आणि अंधार पडेपर्यंत घरी पोचला नाहीत. मग फोनवर तुम्हीच सांगितलंत की दारं उघडी होती, ताटं वाढलेली होती, चिटपाखरू नव्हतं. मामा, ती गोष्ट मी तुम्हाला कधीच सांगितली नव्हती. भीत भीत सिग्रिडबाईंना कळवलं, तर त्यांचे मामाही त्याच दिवशी होडी घेऊन निघाले आणि रोजचा धक्का सोडून भलत्याच किनाऱ्याला लागले. तिथलीही दारं उघडी होती म्हणे. खाली त्यांनी लिहिलं होतं, फारच उत्साहवर्धक! (विद्वान माणसाला मामा हा नातेवाईक नसतो, पुरावा असतो.) मग त्यांनी भरदिवसा वर्गात त्या रात्रीचं, माझ्या आवाजातलं ध्वनिमुद्रण लावून पाहिलं. त्याच दिवशी तुम्ही दुसऱ्यांदा चुकलात.

मी अंबूबाईंचे पाय धरले. त्या म्हणाल्या, "अर्धी गोष्ट उघडी राह्यते बाई. ज्याच्या कानावर अर्धी गेली, त्याच्याच कानावर पुरी जा लागते. पण रातीच." सिग्रिडबाईंना म्हटलं, तुमच्या मध्यरात्री उरकू. त्यांनी मध्यरात्री अंगणात काढलेला स्वतःचा फोटो पाठवला, डोळ्यांवर काळा चष्मा! उन्हाळाभर तिकडे सूर्य मावळतच नाही. रात्र होईल ती माझं लग्न होऊन गेल्यावर. तेव्हा तोवर घराबाहेर पडू नका, एवढीच विनंती. लग्नाला मी स्वतः गाडी घेऊन येईन. मामाने भाचीला आणायचं ते भाची मामाला आणेल. लोक हसले तर हसोत, पण तुमच्याशिवाय मी बोहल्यावर पाऊल ठेवणार नाही.

मामींना नमस्कार.

तुमची लाडकी
सुचिता

ता. क. सिग्रिडबाई विचारतात, पुढच्या वेळी तुम्ही खिशात लोकेशन चालू ठेवलेला फोन घेऊन चुकाल का? निबंधावर माझंही नाव येईल. मी 'विचारते' म्हणाले, 'नाही' म्हणायला हवं होतं. आज भरदुपारी त्या एका परिषदेत ती गोष्ट ऐकवणार आहेत, म्हणून हे पाकीट आत्ताच एसटीच्या ड्रायव्हरहाती पाठवते; आज तर मुळीच बाहेर पडू नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवताना मामींचा फोन आला. पोरीनं जिवाला लावून घेतलंय, तिची समजूत काढून येतो, म्हणून तुम्ही सकाळीच मेहकरच्या गाडीत बसलात म्हणे. आईला सांगायला उठले, तर आई घरात नाही. शेजारीही कोणी नाही. गल्लीतली सगळी दारं सताड उघडी आहेत. ओट्यावर दोन ताटं वाढलेली आहेत, भाकरीवरून वाफ निघतेय, आणि मी तर आज चूल पेटवलेलीच नाही.

आत्ता उंबऱ्यापाशी कोणीतरी हाक मारली. आवाज तुमचा आहे. मामा, मला फार भीती वाटतेय, पण तुम्हाला दारात उभं ठेवून मी गप्प बसू शकत नाही. पुन्हा एकदा हाक मारा. मी ओ देते.