मुलीकडचा रंग

प्रिय धाकट्या,

पंचवीस वर्षांनी पाकिटावर माझं अक्षर बघून तू आधी चष्मा पुसला असशील, मग पाकीट बाजूला ठेवून दोन-चार गिऱ्हाइकांना औषधं देऊन आला असशील. हरकत नाही. घाई करणं तुझ्या स्वभावात नाही आणि थांबणं माझ्या, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. तुझ्या मुलीची लग्नपत्रिका पोचली. पत्ता तिच्या हातचा, आतली चिठ्ठीही तिचीच. "मोठे काका, बाबांना सांगून पाठवतेय, चोरून नाही. ते हो म्हणाले नाहीत, पण नाहीसुद्धा म्हणाले नाहीत. तुम्ही या." पोरगी पक्की आहे, एखादं दुकान सहज चालवेल. तू हो म्हणालेला नाहीस, हे मात्र मी दोनदा वाचलं. मी यायचं की नाही ते तूच ठरव. पण ठरवण्याआधी तुला एक गोष्ट कळायला हवी. तुझ्या वहिनीखेरीज ती आजवर कोणाला ठाऊक नाही.

आधी दुकानाचं सांगतो, कारण तू विचारणार नाहीस. आता तीन मजले झालेत. आपण दोघांनी खांद्यावरून गठ्ठे वाहून भरलेली ती पुढची खोली तशीच ठेवलीय आणि मी अजून तिथेच बसतो. वर एसी आहे, माणसाच्या उंचीचे आरसे आहेत, गोड बोलणारा नोकरवर्ग आहे. पण लग्नाला काय घालून जायचं हा प्रश्न पडला की लोक खालीच येतात. "मालकांना विचारल्याशिवाय रंग ठरवू नकोस," असं आया लेकींना बजावतात. हसू नकोस, खरं आहे. माझी पद्धतही साधी. मी आधी कापड दाखवतच नाही. लग्न कोणाचं, तुम्ही त्यांचे कोण, आणि फोटोत कुठे उभं राहायचंय, एवढं विचारतो आणि गप्प बसतो. माणूस बोलायला लागला की त्याचा रंग आपोआप बाहेर पडतो. परवा एक बाई म्हणाल्या, "जावेच्या डोळ्यांत खुपला पाहिजे, पण तिला तोंड उघडायला जागा नको, असं काहीतरी काढा." त्यांना मोतिया रेशीम दिलं. जाऊ लग्नभर गप्प होती, असं नंतर मुद्दाम येऊन सांगून गेल्या. एक कारकून आला, त्याचा साहेब बोहल्यावर चढणार होता. "चांगलं दिसायचंय मालक, पण साहेबापेक्षा चांगलं नको. आणि साहेबाच्या सासऱ्याच्या लक्षात राहिलो तर बरंच." त्याला राखाडी. एक मुलगी आली, ती काळाच मागत होती. नवरदेवाचं नाव घेताना तिचा आवाज जरा अडखळला. म्हटलं, बाळ, काळा घातलास तर सगळे तुझ्याकडे बघतील आणि कारण शोधत बसतील. निळा घाल, पोटभर जेव आणि घरी जा. वर्षाभरात स्वतःच्या लग्नाची खरेदी करायला तीच आली. भर दुपारच्या लग्नाला फिकट घ्या, वयस्कर मावशीला भडक घेऊ द्या, तिला कोणी नाव ठेवत नाही. सगळं चालतं. नवरीचा रंग मात्र सोडायचा. हा एक नियम मी माझ्या दुकानात कोणाला मोडू देत नाही.

इथं तू पत्र खाली ठेवलं असशील. "हा माणूस हे मला शिकवतोय?"

बरोबर आहे. तुझ्या लग्नात नवरी डाळिंबी रंगात येणार होती, आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणी लाल जातीचं काही घालू नये, असा तिच्या आईचा निरोप दोन्ही घरी आला होता. मला तो तूच येऊन सांगितलास. आणि लग्नाच्या सकाळी मी, नवऱ्याचा थोरला भाऊ, कापडाचा दुकानदार, खांद्यापासून घोट्यापर्यंत डाळिंबी सूट चढवून हॉलमध्ये शिरलो. मागच्या खुर्च्यांवरून कोणीतरी म्हणालं, "अगं बाई, आज नवऱ्या दोन आहेत की काय?" तुझ्या सासूबाई उठून आत निघून गेल्या. त्याआधी महिनाभर आपलं बिनसलेलंच होतं. तू आपलं दुकान सोडून सासऱ्यांच्या औषधांच्या दुकानात जाणार, म्हणून मी घरात आदळआपट केली होती, "जा, गोळ्या मोजत बस" असंही म्हणालो होतो. त्यामुळे तू मला कोपऱ्यात ओढून "मुद्दाम केलंस ना?" असं विचारलंस, यात तुझी काही चूक नव्हती. चूक पुढची, आणि ती माझी. मी म्हणालो, "माझा सूट, माझी मर्जी." आणि वर हसलो.

धाकट्या, मी शेवाळी सूट घालून आलो होतो. म्हणजे मला तसं वाटत होतं. डाळिंबी आणि शेवाळी मला वेगळे दिसतच नाहीत. लाल काय नि हिरवा काय, दोन्ही माझ्या डोळ्यांना ओल्या मातीसारखे. एखादा जरा गडद, इतकाच फरक. तू औषधांच्या धंद्यातला, या प्रकाराला काय म्हणतात ते तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. आठवून बघ, आई परसातले पिकलेले टोमॅटो तोडून आणायला सांगायची आणि मी टोपलीभर कच्चे आणायचो. ती धांदरट म्हणून धपाटा घालायची, तू खिदळायचास. मला कितीतरी वर्षं वाटायचं की सगळेच टोमॅटो दाबून ओळखतात, फक्त मला दाबायचा कंटाळा आहे.

आणि आपलं दुकान! थोरला खुर्ची सोडत नाही, ऐदी आहे, असं तू सगळ्यांना सांगायचास. "धाकट्या, तो शेवाळी तागा काढ. धाकट्या, बाईंना डाळिंबी दाखव." तू वैतागून म्हणायचास, "तुझ्या पाठीमागेच आहे तो, हात लांब कर की जरा!" हात लांब केला असता रे, पण कुठल्या ताग्याला लावला असता? नऊ वर्षं ते दुकान तुझ्या डोळ्यांवर चाललं आणि मी तुला कळू दिलं नाही. तू जाणार म्हटल्यावर मी एवढा का पिसाळलो, ते आता तुझ्या ध्यानात येईल. तू गेलास आणि मी प्रत्येक ताग्याच्या टोकाला आतून रंगाच्या नावाची चिठ्ठी शिवायला लागलो. तुझ्या लग्नाच्या दिवशी त्याला तीन आठवडे झाले होते. त्यातल्याच एका दुपारी दोन ताग्यांवरचे, रंगाचं नाव छापलेले गिरणीचे कागद एकदम काढले, तेवढ्यात फोन वाजला, बोलून परत आलो आणि याची चिठ्ठी त्याला लागली. शिंप्याला बिचाऱ्याला काय ठाऊक? मी दिलेलं कापड त्यानं शिवलं. तुझी वहिनी चार दिवस आधीच लग्नघरी मदतीला गेली होती. ती घरी असती तर मला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं.

मग तेव्हाच का सांगितलं नाही? सांगतो, आणि हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. हॉलमधली निम्मी माणसं माझी गिऱ्हाइकं होती. भावाच्या लग्नात खोडसाळपणा केला म्हणून कापडवाल्याचं दुकान बंद पडत नाही. लोक आठवडाभर तोंडसुख घेतात आणि मग पडद्यांचं कापड घ्यायला येतात. पण कापडवाल्याला रंगच दिसत नाहीत म्हटल्यावर पायरी कोण चढेल? तू माझा दंड धरून उभा होतास, तेवढ्या वेळात मी हा सगळा विचार केला. दुकान ठेवलं, तुला जाऊ दिलं. वहिनीनं त्याच दिवशी घरी येताना मला गाठलं आणि सगळं वदवून घेतलं. तेव्हापासून दर वर्षी तिचं एकच, "आता तरी बोला त्यांच्याशी." आणि माझं एकच, "बघू." डोळ्यांचं काम मी कानांना शिकवलं. लोक कुठल्या रंगाबद्दल काय बोलतात ते ऐकत ऐकत मी इतका तरबेज झालो की आज माझा शब्द सहसा खाली पडत नाही. त्याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. पण एका माणसासमोर तो मिरवावासा वाटतो आणि त्याच्याच समोर मिरवता येत नाही.

आता पत्रिकेचं. मुलीकडच्यांनी शेवाळी, मुलाकडच्यांनी डाळिंबी, बाकी पाहुण्यांनी आवडेल तो रंग घालावा, असं खाली छापलंय. वाचून मी एकटाच मोठ्यांदा हसलो. वहिनीला हाक मारली असती तर तिनं दोन मिनिटांत बरोबर कोट हातात दिला असता. पण मी बरोबर रंगात येऊन उभा राहिलो असतो, तर तू म्हणाला असतास, बघा, याला सगळं कळतं, म्हणजे तेव्हाही कळत होतं. म्हणून आधी हे पत्र. मी दोन कोट शिवून घेतलेत, एक शेवाळी, एक डाळिंबी. माप एक, शिंपी एक, चिठ्ठी कशालाच नाही. वहिनीला बजावलंय की कुठला कोणता ते मला सांगायचं नाही. लग्नाच्या दिवशी सकाळी आठला मी दोन्ही घेऊन हॉलच्या मागच्या दाराशी येईन. तू बाहेर आला नाहीस तर मुलीला तिथूनच आशीर्वाद देऊन परत फिरेन. आलास, तर दोनातला एक तुझ्या हातानं माझ्या अंगावर चढव. मी कोणाला काही विचारणार नाही. तुझा राग अजून शिल्लक असेल तर खुशाल डाळिंबी दे, तो तुझा हक्क आहे. मला फरक कळायचा नाही. लोक कुजबुजले तरी मी त्या दिवसापुरते कान बंद ठेवीन आणि दिवसभर हेच समजत राहीन की मी मुलीकडचा आहे.

तुझाच,
थोरला