दुःखी मातेची वेणी

३ जून १९३८

पोहोचलो एकदाचे! मिशनच्या चर्चमागच्या अंगणात दोन खोल्या, अंजिराचं झाड आणि भाड्याचं नाव नाही. बदल्यात मी चर्च झाडायचं, मूर्तींवरची धूळ काढायची, भिंतीतल्या पाट्या पुसायच्या. जर्दाळूच्या शेडमध्ये फळं चिरून बोटं काळी करण्यापेक्षा हे शंभरपट बरं. माझी इनेस आठ वर्षांची, पण खोकून खोकून पोरीचं चिपाड झालंय. आज मात्र अंजिराखाली बसून तिनं राजमा आणि मक्याच्या पातळ तोर्तिया पोटभर खाल्ल्या. पाद्रीबाबा भले आहेत, फक्त कानानं अधू.

बाजूच्या बोळात दोन छोट्या संगमरवरी पाट्या आहेत. एकीवर रेमेदिओस, दुसरीवर उर्सुला. खाली एकच शब्द, कृतज्ञतेने. नवस फेडलेल्या बायका असतील. शेजारी तिसऱ्या पाटीची जागा खोदून ठेवलीय. तिथे कोळ्यानं संसार थाटला होता, तो मोडला.

८ जून

आज चर्चमधल्या दुःखी मातेच्या मूर्तीची वस्त्रं बदलली. हे काम बायकांचं. पडदा ओढून करायचं, पुरुषाची नजर पडू द्यायची नाही, पाद्रीबाबांचीसुद्धा. मातेचा फक्त चेहरा आणि हात कोरलेले आहेत. काळ्या मखमली घागऱ्याखाली नुसत्या लाकडी पट्ट्या, कोंबड्यांच्या खुराड्यासारख्या. इनेसला हे सांगितलं तर ती हसता हसता खोकायला लागली. केस मात्र खरे, माणसाचे. नवस बोलून वाहिलेले. आताचे पार विटलेत.

मातेचं सगळं दोघीजणी बघतात. कुका सत्तरीच्या, गावात त्यांचा शब्द चालतो, म्हणून सगळे मानानं दोन्या कुका म्हणतात. पेत्रा माझ्याहून थोडी मोठी, तिला अधूनमधून ठसका लागत होता. इनेसची वेणी हातात तोलत दोन्या कुका म्हणाल्या, "अगं तोमासा, ही मातेला वाहा. लहानपणी माझीही छाती अशीच भरायची. वेणी वाहिली आणि बघ, यमाला माझा पत्ताच सापडत नाही!" पेत्रा म्हणाली, तिचंही तसंच झालं.

बायका गोड आहेत. गोड बोलून गळा कापणारी माणसं मी पाहिलीत, म्हणून लिहून ठेवते.

१५ जून

वेणी वाहिली. रडले मी, इनेस नाही. कापलेल्या केसांत ती मुलासारखी दिसते.

आज दिवसभर ती एकदाही खोकली नाही. एवढा आनंद मी कुठे ठेवू?

२० जून

खोकला गेला तो गेलाच. पेत्राचा ठसकाही थांबलाय. पण इनेस खेळायला जात नाही. खिडकीशी उभी राहते, हात छातीशी धरून. जेव म्हटलं की जेवते. पहिली अंजिरं पिकली, तिनं वर पाहिलंसुद्धा नाही. हात गार लागतात.

दोन्या कुकांना सांगितलं. "अशक्तपणा आहे गं, गरम पेज पाज," असं म्हणाल्या आणि हळूच पेत्राकडे बघितलं. ती नजर मला आवडली नाही. दोघी माझ्यापासून काहीतरी लपवताहेत.

२४ जून

बोळात गवंडी आला होता, तिसऱ्या पाटीचं माप घ्यायला. कुणी गेलं का, असं विचारलं. त्याला ठाऊक नव्हतं. दोन्या कुकांनी पाटी करायला सांगितलीय, नाव मागाहून कळवणार आहेत.

नाव मागाहून? कुणाचं?

इनेसला आज कुठेच एकटं सोडलं नाही.

२६ जून

सकाळी मातेचा कोनाडा पुसत होते. घागऱ्याच्या आतून खोकला ऐकू आला. दोन कोरडे ठसके, मग बारीक शिट्टी. माझ्या पोरीचा खोकला मी ओळखणार नाही?

मातेचा हात धरून पाहिला. कोमट होता.

घरी पळाले. इनेसच्या बोटावर टिचकी मारली. लाकडावर वाजावी तशी वाजली.

२७ जून

दोन्या कुकांच्या दारात जाऊन ओरडले. वेणी परत आणते, काय करायचं ते करा. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "आण की. पोरगी आत्ता भानावर येईल. पण मातेचं डोकं बोडकं राहिलं तर पोरगी टिकायची नाही. तुझी वेणी चांगली कमरेखाली आहे. माझ्या आईनंही तिची दिली होती."

आईचं नाव विचारलं. रेमेदिओस.

पेत्रा भिंतीकडे तोंड करून रडत होती. ती उर्सुलाची लेक.

म्हणजे पाट्या मुलींच्या नव्हत्याच — आयांच्या —

मग आता मीच का, असं ओरडले. दोन्या कुका म्हणाल्या, "मातेचे केस जुने झाले, की आमची छाती परत भरते गं."

पहिल्याच दिवशी हेरलं मला या बयांनी.

२८ जून

कात्री घेतली. माझी वेणी मातेच्या डोक्यावर. तिची घरी आणून तिच्या मांडीवर —

खोकली! देवा, माझी इनेस खोकली! म्हणाली, आई, भूक लागली.

२९ जून

पोरगी अंजिरावर चढलीय. ठसका कमी. माझे पाय वळत नाहीत. दोन्या कुका ओट्यावर बसून सांगताहेत, "पोरीची काळजी करू नकोस, मी आहे ना." तीच तर काळजी —

लवकर लिहायला हवं. इनेस, हे तुझ्यासाठी. मोठेपणी छाती परत भरली, तर दुसऱ्या कुणाच्या लेकीची वेणी मागू नकोस. काही झालं तरी —

बाहेर इनेस खोकली. दोनदा.

वरची ओळ खोडते. इनेस, तू जग. कशीही जग, बाळा. अंजिरं धुऊन खा. बोटं आता उघडत ना—