ठमीला कळवलेले आनंद

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठमीला कळवलं — वकीलसाहेबांशी बुद्धिबळ खेळलो, दोन डाव जिंकलो. खरं म्हणजे सहा ते आठ खिडकीत बसून समोरच्या इमारतीतले चालू टीव्ही मोजले. अकरा. वकीलसाहेब नावाचा प्राणी या जगात नाही!

ही जाऊन दोन वर्षं झाली. मुलगी, ठमी, समुद्रापार. तिने कुठेतरी वाचलं की आनंदी माणसं जास्त जगतात, आणि लगेच हुकूम सुटला — "बाबा, रोज एक आनंद मला कळवायचा. मीपण कळवीन. चुकवायचं नाही!" आई अठ्ठावन्नाव्या वर्षी गेली तेव्हापासून पोर धास्तावली आहे. पहिला आठवडाभर मी खरोखर शोधलं. काही सापडेना. मग रचायला लागलो. तिला कळवतो ते खोटं, खरं या वहीत.

जास्त जगून करायचं काय, ते मात्र कोणी छापलेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

कळवलं: बागेत फिरून आलो, हवा छान होती. खरं: दूध नासलं म्हणून खाली उतरलो.

८ फेब्रुवारी, रविवार

ठमीचा फोन. "बाबा, वकीलसाहेबांचा फोटो पाठवा ना! दोघांचा!" मला घाम फुटला. म्हटलं, त्यांचा पाय मुरगळलाय. "अरेरे! मग तुम्ही जाता ना त्यांना बघायला?" झालं! आता रोज आजाऱ्याच्या भेटीला जाणं आलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिचे आनंद मात्र झकास. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर तळ्यावर गेली, होडीतून उतरताना सगळ्या भिजल्या, पोट धरधरून हसल्या. ऐकून बरं वाटलं. पोरीला तिथे काही कमी नाही, असंही वाटलं आणि आत तुटलं. लिहून टाकतो, इथे कोण बघतंय.

११ फेब्रुवारी, बुधवार

दाताच्या डॉक्टरांनी कवळी परत पाठवली. तिसऱ्यांदा! चाळीस वर्षं कवळ्या करतोय, असं कधी झालं नाही. सोबत चिठ्ठी — खाताना ठीक, बोलताना ठीक, आजी म्हणतात हसताना पडते. फोन केला तर डॉक्टर वैतागलेले. "शहाऐंशी वय आहे हो त्यांचं. खाता येतंय ना? आता किती हसणार आहेत!"

मला राग आला. का आला कोण जाणे. माझं काम मागच्या खोलीतलं. तोंड डॉक्टर बघतात, माझ्याकडे येतो नुसता प्लास्टरचा साचा. त्यावर मेण, मेणात दात, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी. तोंड कोणाचं, ते काय बोलतं, मला कधी कळत नाही. म्हटलं, "माप घेताना आजी गप्प बसल्या असणार. त्यांना हसताना बघायला हवं. मी येतो." डॉक्टरांनी मंगळवारची वेळ दिली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

ठमी म्हणाली, "कंपनी आणखी पाच वर्षांचा करार देतेय. येत्या तेवीस तारखेपर्यंत सही करायची. तुमची काळजी होती म्हणून अडले होते. पण आता वकीलसाहेब आहेत, बाग आहे. तुम्ही किती रमलाय! करू ना सही?"

म्हटलं, "कर की!"

आवाज इतका खुशीत काढला की माझा मलाच पटला. फोन ठेवून तिच्या खोलीत जाऊन बसलो. हल्ली तिच्या पलंगावर इस्त्रीचे कपडे ठेवतो. ते उचलले. मग कुठे ठेवावे कळेना, तिथेच ठेवले.

पाच वर्षं. मी चौसष्ट.

१५ फेब्रुवारी, रविवार

कळवलं: वकीलसाहेब काठी टेकत चालायला लागले. खरं: दिवसभरात दूधवाल्याशी बोललो. "उद्यापासून अर्धा लिटर पुरे." एवढंच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आजी एवढ्याशा आहेत! खुर्चीत बसल्या तर पाय जमिनीला टेकत नव्हते. डॉक्टर म्हणाले, "आजी, हसून दाखवा." त्या फोटोला हसतात तशा हसल्या. कवळी जागेवर. "बघा!" डॉक्टर म्हणाले. "असं नव्हे रे बाबा," आजी म्हणाल्या, "मनापासून आलं की पडते. आणि ते तू सांगितल्यावर कसं येईल?"

डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेले. मला विनोद सांगता येत नाहीत. एक सांगायला घेतला, शेवटच विसरलो. मग काय झालं कोण जाणे, त्यांना सगळं सांगून टाकलं. ठमी, रोजचा आनंद, वकीलसाहेब, फोटोची भानगड.

"मग मी त्यांचा पाय मुरगळला."

"नसलेल्या माणसाचा?"

"हो. परवापासून काठी घेऊन चालतात."

आजी हसल्या! खुर्ची हलली. वरची कवळी सुटून थेट ओंजळीत. तरी त्या बोळक्या तोंडाने हसतच राहिल्या आणि त्यांना बघून मीही सुटलो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग आठवलं, आपण कामाला आलोय! ओठ उचलून बघितला. आत मधोमध ओठाला हिरडीशी जोडणारी बारीक शीर असते, आजींची जरा खालीच आहे. ओठ ताणला की ती कवळीच्या काठाला ढकलते. एक खाच हवी होती, बस्स.

निघताना विचारलं, "आजी, आनंदी माणसं जास्त जगतात, हे खरं का हो?"

"मला काय ठाऊक? मी तर निम्मं आयुष्य नवऱ्यावर चिडण्यात घालवलं. आता चिडायलाही कोणी नाही." मग माझा हात धरून म्हणाल्या, "पोरीला खरं सांग. खोट्या आनंदाने आयुष्य वाढत असतं, तर पुढारी मेलेच नसते."

२० फेब्रुवारी, शुक्रवार

मेसेज लिहिला — सही करू नकोस, मला करमत नाही. पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. तिच्या पायात धोंडा कशाला बांधायचा? शेवटी कळवलं: वकीलसाहेबांचा पाय खडखडीत बरा.

भित्रा आहेस लेका.

२१ फेब्रुवारी, शनिवार

खाच पाडली, घासली, चकचकीत केली आणि स्वतः नेऊन दिली. दुपारी डॉक्टरांचा फोन — "पडली नाही! तुमचा कोण तो वकील, त्याला आठवून आजी तीनदा हसल्या."

हा आनंद खरा! ठमीला कळवायला मोबाइल हातात घेतला आणि अडलो. हा सांगायचा तर आधी वकीलसाहेबांना मारावं लागतं.

२२ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

"ठमे, वकीलसाहेब नाहीत."

"म्हणजे? गेले?"

"नव्हतेच."

मग थांबलोच नाही. खिडकी, टीव्ही, नासलेलं दूध, सगळं. म्हटलं, घर खायला उठतं. सही करू नकोस म्हणायचा मला हक्क नाही, पण म्हणतोय. ती हळूच म्हणाली, "बाबा, मी नंतर बोलते."

संध्याकाळ झाली. फोन नाही. पोरीच्या मनातून उतरलो बहुतेक.

२३ फेब्रुवारी, सोमवार

ठमीचा फोन. रडत होती. तळं नाही, होडी नाही, मैत्रिणी नाहीत — तिचाही एक आनंद खरा नव्हता! "तुम्ही नको म्हणाल म्हणून वाट बघत होते, बाबा. तुमचा आपला रोज वकील." शुक्रवारी पाय बरा झाल्याचा माझा मेसेज वाचला आणि सही करून टाकली.

पाच वर्षं. म्हणजे एकोणसत्तरपर्यंत मला जगायलाच हवं.